कानातलं आणि मनगटावरचं

बाप्तिस्म्याच्या तयारीचा शेवटचा वर्ग होता. पाण्यात उतरण्याआधी कानातलं काढावं लागेल, असं एका मुलीला सांगण्यात आलं. कानातलं म्हणजे काय, तर टाचणीच्या डोक्याएवढे दोन खडे. सांगणारे गृहस्थ मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, जुने, सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी बायबलमधलं, पौलाने तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र उघडलं, दुसऱ्या अध्यायाच्या नवव्या वचनाखाली बोट ठेवलं आणि ते मोठ्याने वाचून दाखवलं. मी शेजारीच बसलो होतो. वचन कानावर पडत होतं आणि नजरेसमोर मनगट होतं. त्यावर जाड काचेचं, आत तीन छोट्या तबकड्या असलेलं, चकचकीत पट्ट्याचं घड्याळ. नुसती वेळ पाहायला कुणी तसलं घड्याळ घेत नाही. मुलगी काही बोलली नाही. तिने दोन्ही खडे काढले आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवले. कानाच्या पाळ्यांवर दोन बारीक भोकं तेवढी उरली. त्यांचं काय करायचं, हे वचनात लिहिलेलं नव्हतं.

पुढे यावर जो वाद झाला तो दोन्ही बाजूंनी इतका ढिसाळ होता, की शेवटी लिहायला बसलो. एक बाजू म्हणाली, "शास्त्रात स्पष्ट लिहिलंय, विषय संपला." दुसरी म्हणाली, "देव अंतःकरण पाहतो, विषय संपला." विषय संपवायची एवढी घाई दोघांनाही का? मला वाटतं, कारण एकच आहे. दागिन्यांचा प्रश्न नीट विचारला तर तो दोघांच्याही खिशापर्यंत येतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दागिन्यांविषयी पवित्र शास्त्र जे म्हणतं ते गंभीर आहे आणि "तो काळ वेगळा होता" म्हणून झटकता येण्याजोगं नाही. पण तो प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारायचा आहे. दुसऱ्याच्या कानाला, गळ्याला, बोटाला तो विचारला की त्याचा पहारा होतो, आणि पहारेकऱ्याला स्वतःचं मनगट कधीच दिसत नाही. त्यामुळे बंदीची यादी मला मान्य नाही. "काहीही घाला, मन शुद्ध ठेवा" ही सवलतही मान्य नाही. दोन्हींत कष्ट वाचतात, म्हणून दोन्ही लोकप्रिय आहेत.

बंदीवाल्यांचं पहिलं बळ म्हणजे शब्द. ते मान्यच करायला हवं. पौल म्हणतो, स्त्रियांनी स्वतःला केस गुंफून, सोनं, मोती, मोलवान वस्त्रं यांनी नव्हे तर सत्कृत्यांनी शोभवावं. पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जवळजवळ तेच सांगतो. दोन प्रेषित, दोन पत्रं, एकच सूर. याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पण शब्दशः घ्यायचं तर पूर्ण घ्या. दोघेही सोन्याच्या आधी केसांचं नाव घेतात. वेणी घातली म्हणून कुणाचा बाप्तिस्मा अडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. त्याहून अवघड गोष्ट पेत्राच्या मूळ ग्रीक वाक्यात आहे. तिथे नुसतं "वस्त्रं परिधान करणं" एवढंच आहे. "उंची" किंवा "भारी" हे विशेषण भाषांतरकारांनी समजुतीने घातलेलं आहे, आणि बरोबरच घातलेलं आहे. कारण वाक्य सरळ बंदी म्हणून वाचलं तर सोन्याबरोबर कपडेही जातात.

मग ते वाचायचं कसं? शास्त्रातच त्याची किल्ली आहे. होशेय संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो, मला यज्ञ नको, दया हवी. तरीही यज्ञ बंद झाले नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, नाशवंत अन्नासाठी श्रम करू नका. ते ऐकून कुणी कामधंदा सोडला नाही. "हे नको, ते हवं" ही त्या भाषेची बोलण्याची ढब आहे आणि तिचा अर्थ असा, की वजन कुठे आहे ते ओळखा. पेत्र दागिन्यांचं वजन काढून घेतो. तुमची शोभा यात नाही, असं तो म्हणतो. "हे अंगावर दिसलं तर दारातून परत पाठवा" असं तो म्हणत नाही.

आणि नववं वचन दाखवणाऱ्या बोटाने एक ओळ वर सरकायला काय हरकत होती? आठव्या वचनात पौल पुरुषांना सांगतो, राग आणि वादविवाद सोडून पवित्र हात वर करून प्रार्थना करा. त्याला लागूनच "तसेच" म्हणून स्त्रियांचा विषय सुरू होतो. म्हणजे दोन्ही सूचना एकाच दमातल्या आहेत. मग बाप्तिस्म्याआधी कुठल्या पुरुषाला विचारलं जातं, "भाऊ, गेल्या महिन्यात कितीदा भांडलास?" कानातलं दिसतं, राग दिसत नाही, असं उत्तर कुणी देईल. पण राग दिसत नाही, हे ज्यांनी बैठकांमध्ये मंडळीच्या पुढाऱ्यांची भांडणं पाहिली आहेत त्यांना सांगू नये. खरं कारण वेगळं आहे. जे नियम दुसऱ्यावर चालतात ते पाळून घेणं सोपं जातं.

आता सवलतवाल्यांकडे वळतो. त्यांचं आवडतं वाक्य असं, की त्या काळी सोनं-मोती वेश्या घालत, म्हणून प्रेषितांनी मनाई केली. आता तसं राहिलेलं नाही. हे ऐकायला सोयीचं आहे, पण खरं नाही. त्याच शतकात रोममध्ये लोलिया पाउलिना नावाची बाई होती, काही काळ कालिगुला सम्राटाची पत्नी. थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने तिला एका साध्या साखरपुड्याच्या जेवणात पाहिलं होतं. डोकं, केस, कान, गळा, बोटं सगळीकडे पाचू आणि मोती एकाआड एक. किंमत चार कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी. आणि कुणी शंका घेतली तर पावत्या दाखवायलाही बाई तयार! पुढचं वाक्य प्लिनी जीभ चावून लिहितो, की ही काही उधळ्या सम्राटाची भेट नव्हती. आजोबांनी प्रांत लुटून जमवलेली ती वडिलोपार्जित संपत्ती होती. मोती घालणारी ही बाई वेश्या नव्हती. ती समाजाच्या शेंड्यावर होती. पौलाला ज्या मोत्यांची धास्ती होती ते या बाईच्या गळ्यातले मोती, ज्यांच्यामागे कुठल्यातरी प्रांताची लूट होती. तेव्हा "संदर्भ बदलला" म्हणणाऱ्याने आधी हे सांगावं, की लुटीचा संदर्भ नेमका कुठल्या साली संपला?

यशया संदेष्टा तेच म्हणतो आणि फार उघड म्हणतो. तिसऱ्या अध्यायात सियोनेच्या स्त्रियांच्या दागिन्यांची आणि वस्त्रांची एक लांबलचक यादी आहे. पैंजणं, चंद्रकोरी, कर्णभूषणं, बांगड्या, नथी, आरसे, शाली, एकवीस वस्तू. बंदीच्या बाजूचे प्रवचनकार ही यादी मोठ्या चवीने वाचतात. पण तिच्या तीन-चार वचनं आधी काय आहे? गरिबांची लूट तुमच्या घरात आहे. तुम्ही माझ्या लोकांना का चिरडता, दीनांची तोंडं का रगडता? आणि हा सवाल पुरुषांना आहे, लोकांच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना आणि सरदारांना. यादी आरोपपत्रातली मुद्देमालाची नोंद आहे. मुद्देमाल जप्त करून आरोपीला सोडून द्यायचं, हा कुठला न्याय?

एरवी शास्त्रात सोन्याला स्वतःचं असं काही चारित्र्य नाही. विहिरीपाशी इसहाकाची वधू ठरणाऱ्या रिबकेला अर्ध्या शेकेलाची सोन्याची नथ आणि दहा शेकेलांच्या बांगड्या मिळतात त्या एका प्रार्थनेच्या उत्तराच्या क्षणी. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात खुद्द देव यरुशलेमेला नथ आणि कर्णभूषणं घालतो. हरवलेला मुलगा परत येतो तेव्हा बाप त्याच्या बोटात अंगठी घालायला सांगतो. हे रूपक आहे, दाखला आहे, असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. पण देवाने आपल्या प्रेमासाठी पापाचं रूपक निवडलं असतं का? उलट बाजूही तितकीच खरी आहे. सीनायच्या पायथ्याशी कानांतल्या कड्यांचंच पूजायचं वासरू झालं. त्यानंतर लोकांनी शोकाने दागिने उतरवले. आणि दोनच अध्याय पुढे, निवासमंडप उभारायची वेळ आली तेव्हा स्त्री-पुरुष कडी, अंगठ्या, कर्णफुलं घेऊन मनापासून पुढे आले. तेच लोक, तेच मिसरातून आणलेलं सोनं. एकदा त्याचं वासरू झालं, एकदा तंबूचा साज झाला. प्रकटीकरणात तर सोनं-मोती बाबेलच्या वेश्येच्या अंगावरही आहेत आणि नव्या यरुशलेमेच्या वेशींनाही.

इथवर बंदीवाल्यांना उत्तर देणं सोपं होतं. त्यांची अवघड बाजू शास्त्राच्या पानांत नाही, मंडळीच्या इतिहासात आहे. तिचा सगळ्यात तिखट वकील म्हणजे तेर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक. इसवी सन २०० च्या आसपास आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात त्याने स्त्रियांच्या वेशभूषेवर लिहिलं. स्त्रीला सैतानाचं दार म्हणणारं त्याचं वाक्य मी माफ करू शकत नाही. पण बाकीचं वाचताना माणूस दचकतो. देवाला हवं असतं तर त्याने मेंढ्या जांभळ्या लोकरीच्या जन्माला घातल्या नसत्या का, असं तो विचारतो. हे वाचून हसू येतं. मग तो म्हणतो, ज्या गळ्यात मोत्या-पाचूंचे फास आहेत तो गळा तलवारीला जागा देईल का, याची मला भीती वाटते. इथे हसू थांबतं. कारण त्याच्या शहरात तलवार खरोखरच होती. ज्यांना उद्या अटक होऊ शकते त्यांनी आज अंगावर काय बाळगावं, हा त्याचा प्रश्न होता. आरामखुर्चीत बसून त्याला संकुचित म्हणणं सोपं आहे.

पण त्याच कार्थेजमध्ये २०३ साली काय घडलं ते पाहा. पर्पेतुआ नावाची, अंगावर पिणारं मूल असलेली तरुण बाई ख्रिस्ती म्हणून मारण्यासाठी रिंगणात उभी केली गेली. पिसाळलेल्या गायीने तिला उडवून आपटलं. उठून बसल्यावर तिने आधी फाटलेला अंगरखा सावरला. मग एक टाचणी मागितली आणि विस्कटलेले केस नीट बांधले. मोकळे केस शोकाची खूण, आणि आपल्या गौरवाच्या घटकेला आपण शोक करतोय असं दिसू नये, हे तिचं कारण. थोड्या वेळाने नवख्या ग्लॅडिएटरचा हात थरथरायला लागला तेव्हा तिने स्वतःच ती तलवार आपल्या गळ्याशी नेली. तेर्तुलियनच्या भीतीला याहून नेमकं उत्तर कुणी दिलं असेल? नीटनेटकं दिसावंसं वाटणं आणि गळा पुढे करण्याची हिंमत ही दोन्ही एकाच बाईत होती, थोड्याच वेळाच्या अंतराने. टाचणी म्हणजे मोती नव्हे, हे मला कळतं. पण पौलाच्या यादीत केस पहिले आहेत, हे विसरू नका.

मंडळीच्या थोरांमध्येही एकमत नव्हतं, हे बंदीच्या बाजूने बोलणारे सहसा सांगत नाहीत. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, तेर्तुलियनच्याच काळातला ख्रिस्ती गुरू, दिखाऊपणाचा मोठा शत्रू. तरी त्याने अंगठीला मोकळीक दिली, कारण घरातल्या वस्तू मोहरबंद करायला ती लागते. शिक्क्यावर कबूतर, मासा, जहाज, वीणा किंवा जहाजाचा नांगर असावा, एवढंही त्याने सुचवलं. म्हणजे कामाची वस्तू चालेल, आणि कामाची वस्तू देखणी असली तरी चालेल. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याचं उदाहरण तर मला फार आवडतं. त्याचा मित्र पोसिदियस, तोही बिशप, उत्साही, सोन्या-वस्त्रांवर सरसकट बंदी घालायच्या बेतात. ऑगस्टीन त्याला पत्रात लिहितो, घाई करू नकोस. ज्यांनी लग्न केलेलं नाही आणि करायचंही नाही त्यांची गोष्ट वेगळी. संसारी माणसांना आपल्या जोडीदाराला आवडेल असं राहायचं असतं. त्याच पत्रात तो एका गोष्टीवर मात्र आसूड ओढतो. भुताखेतांपासून रक्षण व्हावं म्हणून पुरुष कानाच्या वरच्या टोकाला जी कडी अडकवत, ती त्याला मुळीच खपत नाही. धातू दोन्हीकडे धातूच. एकीकडे जोडीदाराची मर्जी, दुसरीकडे भीतीची पूजा. त्या दोन कानांतला फरक ऑगस्टीनला दिसला. आपल्याला का दिसू नये?

आता सगळ्यात भारी युक्तिवाद. तो समतेचा आहे आणि मी त्याच्यापुढे बराच काळ निरुत्तर होतो. ज्या मंडळीत कुणीच काही घालत नाही तिथे गरीब घरची मुलगी शेजारणीच्या गळ्याकडे पाहत बसत नाही. शाळेच्या गणवेशाचंच हे तत्त्व. याच्या जोडीला त्यागाच्या गोष्टी असतात आणि त्या खऱ्याही असतात. अॅडोनायरम जडसन या मिशनऱ्याने १८३१ साली बर्मातून अमेरिकेतल्या ख्रिस्ती स्त्रियांना एक पत्र लिहिलं. त्यात तिथल्या करेन जमातीच्या एका स्त्रीची हकीकत आहे. ती बाप्तिस्मा मागायला आली, तेव्हा दागिने सोडशील का असं त्याने विचारलं. गळ्यात एकच देखणा हार होता. ती त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिली, मग शांतपणे तो काढला आणि म्हणाली, "यापेक्षा मला ख्रिस्त प्रिय आहे." हे वाचून ज्याला काहीच होत नाही त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

तरी दोन गोष्टी खुपतात. ती बाई मोठी होती, यात शंका नाही. पण तिच्या मोठेपणाचं श्रेय नियमाला कसं देता येईल? नियम तर तिच्याआधी आला होता आणि तिला बाप्तिस्मा हवा होता. अटीखाली दिलेलं दान तिने प्रेमाने दिलं, हा तिचा गुण. अट घालणाऱ्याचा नव्हे. शिवाय अनेक समाजांत शतकानुशतकं बाईच्या स्वतःच्या हातात राहणारी मालमत्ता म्हणजे तिच्या अंगावरचं सोनं. घर नवऱ्याचं, जमीन सासऱ्याची, आणि गळ्यातलं तेवढं तिचं. ते उतरवायला सांगताना आपण चैन काढून घेतोय की आधार, हे विचारायला नको का? रोमनांनी युद्धाच्या अडचणीत इसवी सनपूर्व २१५ मध्ये ओप्पियन कायदा केला. कोणत्याही बाईजवळ अर्ध्या औंसाहून जास्त सोनं नको. युद्ध संपलं, पुरुषांच्या अंगावर जांभळी किनार परत आली, कायदा मात्र तसाच. १९५ मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा तो रद्द झाला. थोरला केटो या रोमन राजकारण्याने विरोध केला होता, त्याच्या भाषणात बायकांच्या हव्यासाबद्दल पुष्कळ आहे. पुरुषांच्या किनारीबद्दल आठवण करून द्यायला दुसऱ्याच माणसाला उभं राहावं लागलं.

आणि समता? कानांची समता तर होते. दारात उभ्या गाड्यांची, मुलांच्या शाळांची, लग्नात मांडलेल्या पंक्तींची होते का? मिरवण्याची हौस घर बदलते, मरत नाही. सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या जिनिव्हात दागिन्यांवर करडी नजर होती, तेव्हा सोनारांची कसबी बोटं घड्याळांकडे वळली, आणि १६०१ मध्ये तिथे घड्याळजींचा संघही उभा राहिला. घड्याळ उपयोगी, म्हणून निर्दोष. त्यावर मग मीनाकारी झाली, खडे बसले. बाप्तिस्म्याच्या वर्गातल्या त्या मनगटाची वंशावळ इतकी जुनी आहे!

साधेपणाचं सगळ्यात प्रामाणिक पीक क्वेकर या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती पंथाने काढलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्याच चळवळीची आई म्हणवली जाणारी मार्गारेट फेल १७०० साली, ऐंशीच्या घरात असताना, आपल्याच लोकांवर चिडून लिहिते, की सगळ्यांनी एकाच पोशाखात आणि एकाच रंगात असावं म्हणे. हे तर खुळचट, दरिद्री शुभवर्तमान झालं. काही दशकांनी मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली याने दुसऱ्या बाजूने तेच पाहिलं. तो क्वेकरांना म्हणतो, तुम्ही लाल कापड अंगाला लावणार नाही, पण काळं असलं की भारीतलं भारी मखमल चालतं. रंगाची आणि घाटाची एवढी काळजी, आणि खर्चाची काहीच नाही. तिने एकसारख्या रंगाला हसावं आणि त्याने त्या रंगाच्या किमतीवर बोट ठेवावं, तरी दोघांचा रोख एकच. साधेपणाचा नियम झाला की तो दिसण्यापुरता उरतो.

वेस्ली मात्र माझ्या बाजूचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १७४४ मध्ये त्याने आपल्या गटांना अंगठ्या, कर्णभूषणं, हार, लेस असलं काही अनावश्यक घालायचं नाही असा नियम घालून दिला होता. म्हातारपणी त्याला पस्तावा झाला तो नियम केल्याचा नव्हे, पुरेसा कडक न केल्याचा. तरी मी त्याला मानतो, कारण त्याने पहारा आधी स्वतःवर बसवला. पोशाखावरच्या प्रवचनात तो ऑक्सफर्डमधली एक आठवण सांगतो. कडाक्याच्या थंडीत एक मुलगी त्याच्याकडे आली, अंगावर पातळ झगा. हेच आहे का घालायला, असं विचारलं तर म्हणाली, हेच आहे. त्याने खिशात हात घातला. खिसा जवळजवळ रिकामा होता. पैसे नुकतेच खर्च झाले होते आणि भिंतीवर चित्रं लागली होती. या पोरीला थंडीपासून वाचवलं असतं त्या पैशांनी तू भिंती सजवल्यास, असं तो स्वतःला म्हणतो, आणि पुढे विचारतो, ही चित्रं या गरीब मुलीचं रक्त नाहीत का? दागिन्यांवरच्या प्रवचनातली ही सगळ्यात जळजळीत गोष्ट, आणि तिच्यात एकही दागिना नाही. चूक एका पुरुषाची, आणि ती सांगणाराही तोच. १७७६ मध्ये चांदीच्या भांड्यांवरच्या कराची विचारणा आली तेव्हा त्याने कळवलं, माझे दोन चांदीचे चमचे लंडनला आहेत आणि दोन ब्रिस्टॉलला. भोवती इतके लोक भाकरीला मोताद असताना मी आणखी घेणार नाही.

"देव अंतःकरण पाहतो" म्हणणाऱ्यांना मी हे चार चमचे दाखवतो. देव अंतःकरण पाहतो हे शमुवेलाला सांगितलं गेलं ते राजा निवडताना, दावीदाचा धडधाकट, देखणा मोठा भाऊ नाकारताना. आपण ते वाक्य नवी खरेदी पचवायला वापरतो. क्रिसोस्तोम या बिशपने कॉन्स्टँटिनोपलच्या श्रीमंतांना चांदीच्या शौचपात्रांबद्दल भर सभेत झापलं होतं. ख्रिस्त उपाशी मरत असताना त्याच्या मेजावर सोन्याचे पेले मांडून काय उपयोग, असंही तो म्हणे. त्याला पुढे हद्दपार व्हावं लागलं, त्यामागे राजवाड्याचा रोषही होता. कानातल्यांवर बोलून कुणी हद्दपार होत नाही, हा साधा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. याकोबही आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला सभेत येऊ देतो. अंगठी काढ, असं त्याला म्हणत नाही. झाडतो ते त्याला पुढची जागा देऊन फाटक्या कपड्यांतल्याला पायापाशी बसवणाऱ्यांना. म्हणजे जागा वाटणाऱ्यांना. आपल्याकडे जागा वाटणारेच कान तपासतात.

मग काहीच ठरवायचं नाही का, असा सवाल येईल. मंडळीने शिकवावं, जरूर शिकवावं. पण सगळ्यांना, खर्चाबद्दल, आणि आधी व्यासपीठावरच्यांनी आपले आकडे सांगून. ज्याला मनापासून सगळं सोडायचं असेल त्याने सोडावं. ती वाट जुनी आणि सुंदर आहे. तिच्यावरची सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र यादीत बसत नाही. निस्साचा बिशप ग्रेगरी आपल्या बहिणीच्या, माक्रिनाच्या मृत्यूची हकीकत सांगतो, ती ३७९ च्या सुमाराची. तिने घरची सगळी संपत्ती सोडली होती, इतकी की पुरताना नेसवायला धड वस्त्र मिळेना. मग तिच्या एका सोबतिणीने मानेमागे हात घालून बारीक साखळी सोडवली. तिला एक लोखंडी क्रूस आणि एक लोखंडी अंगठी होती, बरीच वर्षं छातीशी असलेली. दोघांनी वाटून घेतलं. क्रूस तिने ठेवला, अंगठी भावाने. सगळं सोडलेल्या या बाईला आमच्या वर्गात बसवलं असतं, तर तिलाही ती साखळी रुमालात बांधावी लागली असती.

त्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. परवा भेटली तेव्हा कान रिकामेच होते. म्हणाली, "आता मी सभासद आहे ना? मग त्या काकांना घड्याळाची किंमत विचारली तर चालेल?" मी म्हटलं, विचार की. तिने अजून विचारलेली नाही. मीही नाही. आणि त्या दिवशी माझ्या स्वतःच्या खिशात कुठला फोन होता, हेही तिने मला विचारलेलं नाही.